बागेतल्या यंत्राचा डेटा पहाटे गायब होतो! लॉगर, सिम आणि वेब अपलोड नीट कसं बसवायचं?

सांगोल्याची_लेक | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात राहते, नोकरी इथेच. आमची साडेचार एकर डाळिंबाची बाग सांगोला तालुक्यात आहे, ती अण्णा एकटे बघतात. यंदा मृग बहार धरलाय. मागच्या हंगामात तेल्या रोगानं निम्मा माल गेला, म्हणून जूनमध्ये बागेत हवामान यंत्र बसवलं. तापमान, आर्द्रता, पाऊस, पान किती वेळ ओलं राहिलं ते, आणि मातीतला ओलावा मोजणारे दोन सेन्सर: एक ३० सेंटीमीटरवर, एक ६० वर. वर सौर पॅनेल, खाली डब्यात बॅटरी, नोंदी साठवणारा लॉगर आणि त्या नेटवर पाठवणारं सिमचं मॉडेम. दर दहा मिनिटांनी माहिती वेबवर चढणार आणि मी इथून मोबाईलवर बघणार, असं ठरलं होतं.

आता अडचणी सांगते.

पहाटे अडीचपासून सकाळी आठ-साडेआठपर्यंत बहुतेक दिवशी काहीच येत नाही. पान ओलं राहतं ते नेमकं याच वेळात. फवारणी घ्यायची की नाही हे ज्या आकड्यांवर ठरवायचं, तेच आकडे नाहीत.

दुसरं, परवा शुक्रवारी पहाटे एक ते चार मोठा पाऊस झाला. अण्णा गेली कित्येक वर्षं रोज सकाळी साडेआठला साध्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजून वहीत लिहितात. वहीत शुक्रवारी ३४ मिलिमीटर. यंत्रवाल्यांच्या वेबसाइटवर, म्हणजे पोर्टलवर, १२, आणि तेही गुरुवारच्या तारखेला!

तिसरं, ६० सेंटीमीटरचा सेन्सर ३० च्या सेन्सरसारखाच आकडा दाखवतो. अगदी दशांशापर्यंत तोच.

यंत्र बसवणाऱ्यांना चार वेळा फोन केला. दर वेळी "तुमच्याकडे नेटवर्क नाही" एवढंच उत्तर. वर पुढच्या वर्षापासून पोर्टलचे वेगळे पैसे लागतील म्हणाले. लॉगरच्या मेनूत अपलोडला, म्हणजे माहिती वर पाठवायला, एफटीपी, एचटीटीपी आणि एमक्यूटीटी असे तीन पर्याय दिसतात. स्वतःचं काही उभं करता येईल का? कुठून सुरुवात करू?

मंगळवेढा_ज्वारी | रविवार, रात्री ९:५२

ताई, बॅटरी बघा. पहाटे जातं आणि ऊन आल्यावर येतं म्हणजे बॅटरीच.

होटगी_रोड | रविवार, रात्री १०:०५

सिमच्या राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करा, म्हणजे बाहेरून आत यायची वाट उघडा, आणि थेट लॉगरलाच मोबाईलवरून उघडा. पोर्टलची गरजच नाही. आमच्या दुकानातले कॅमेरे मी असेच बघतो.

चिंचोली_शिफ्ट | रविवार, रात्री १०:३१

होटगी_रोड, दुकानात ब्रॉडबँड असेल म्हणून चालतंय. मोबाईल सिमवर ते होत नाही. सिमला मिळणारा आयपी पत्ता बहुतेक वेळा कंपनीच्या आतला असतो, एकाच बाहेरच्या पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसलेले असतात. बाहेरून कुणी हाक मारली तर ती तुमच्या लॉगरपर्यंत पोचतच नाही. म्हणून शेतातल्या यंत्रानं स्वतः बाहेर जाऊन माहिती द्यायची. पोस्टमन वस्तीवर येत नाही, आपणच पोस्टात जायचं. शिवाय लॉगर असा उघडा ठेवला आणि त्याचा कंपनीनं दिलेला पासवर्ड तसाच असेल, तर कुणीही आत शिरेल.

ताई, मी चिंचोली एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. तुमच्या तीन अडचणी तीन वेगळ्या आहेत, एकत्र करू नका. आधी एकच काम करा. लॉगरमध्ये मेमरी कार्ड आहे का ते बघा आणि त्यात शुक्रवारच्या पहाटेच्या नोंदी आहेत का ते सांगा. कार्डात असतील तर मोजणी चालू आहे, फक्त पाठवणं अडलंय. कार्डातही नसतील तर यंत्र स्वतःच बंद पडतंय. इथून दोन वाटा फुटतात, तोवर बाकीचे सगळे अंदाज.

कन्ना_चौक | रविवार, रात्री १०:४०

शिफ्टसाहेबांनी रात्री साडेदहाला एवढं लिहिलं म्हणजे आज नाइट दिसतेय.

चिंचोली_शिफ्ट | रविवार, रात्री १०:४४

नाइटच आहे. विचारा काय विचारायचं ते, सकाळपर्यंत जागा आहे.

माणदेशी_काका | सोमवार, सकाळी ६:१५

लेकी, मी चाळीस वर्षं डाळिंब आणि बोर करतोय. यंत्राला माझा विरोध नाही, पण बागेत पहाटे गेलं की पान ओलं आहे की कोरडं हे हाताला कळतं. दोन झाडांच्या मध्ये फूट-दीड फूट उकरायचं, मूठभर माती दाबायची. गोळा होऊन टिकला तर पाणी पुरेसं, फुटला तर द्यायचं. या कामाला सिम लागत नाही. तुझे अण्णा हे सगळं करतच असतील. त्यांच्या डोळ्यापेक्षा त्या डब्यावर जास्त भरवसा ठेवू नको.

सांगोल्याची_लेक | सोमवार, सकाळी ७:०२

काका, तुमचं म्हणणं मनापासून पटतं. अण्णा रोज हेच करतात. पण त्यांचं वय सत्तरीच्या पुढे गेलंय, गुडघे दुखतात, पावसात चिखलातून पहाटे चारला बागेत जाऊ नयेत म्हणून तर हे बसवलं. मला त्यांच्या डोळ्याच्या जागी यंत्र ठेवायचं नाही, त्यांची एक फेरी वाचवायची आहे.

माणदेशी_काका | सोमवार, सकाळी ७:१०

मग नीट करून घे. मी वाचतोय.

शेंगाचटणी | सोमवार, दुपारी १:२०

मूळचा बाळीवेशीतला, सध्या पुण्यात सर्व्हरची कामं करतो. तारखेचा घोळ मी सांगतो, तो सोपा आहे.

तुमचा लॉगर जागतिक प्रमाणवेळेवर चाललाय. आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. शुक्रवारी पहाटे तीन वाजता तिथे गुरुवारचे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. म्हणून पाऊस गुरुवारच्या नावावर गेला. आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंत पडलेला प्रत्येक थेंब त्या लॉगरच्या हिशोबात कालचा.

अण्णांची साडेआठची वेळ मात्र अगदी शास्त्राला धरून आहे. हवामान खातंसुद्धा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ असाच मोजतं, आणि मोजलेला पाऊस ज्या सकाळी वाचला त्या तारखेला लिहितं. जागतिक वेळेत ते बरोबर पहाटेचे तीन. तेव्हा लॉगर जागतिक वेळेवरच राहू द्या, ती सवय चांगली असते, पण दिवसाची बेरीज साडेआठ ते साडेआठ करायला सांगा. तरच वही आणि यंत्र यांची तुलना होईल.

घड्याळ कोणतं आहे तेही बघा. डीएस३२३१ जातीचं असेल तर वर्षाला मिनिटभर पुढेमागे, चिंता नाही. साधं असेल तर आठवड्याला कित्येक सेकंद सरकतं, आणि सोलापूरच्या मे महिन्यात डब्यातलं तापमान वाढलं की आणखी. रोज एकदा इंटरनेटवरून वेळ जुळवून घ्यायची सोय मेनूत असते, एनटीपी नावानं. ती चालू करा.

बेदाणा_कोल्ड | सोमवार, दुपारी २:०५

पंढरपूरजवळ आमचं छोटं शीतगृह आहे, बेदाणा आणि थोडं डाळिंब ठेवतो. अपलोड चालू आहे म्हणजे मोजमाप चालू आहे असं समजू नका, हे मला महागात पडून कळलं.

आमच्याकडे तापमानाचे डीएस१८बी२० सेन्सर होते. एका रात्री मोबाईलवर धोक्याचा संदेश आला: खोलीचं तापमान ८५ अंश! रात्री अकराला गाडी काढून धावलो. खोली थंडगार. नंतर कळलं की या सेन्सरला वीज मिळाल्यावर, पहिलं मोजमाप व्हायच्या आधी त्याच्या पोटात ८५ हाच आकडा बसलेला असतो. वायर सैल होती, वीज क्षणभर तुटून परत आली की लॉगर तो ८५ वाचायचा. आणि वायर पूर्ण तुटली की आमचा लॉगर उणे १२७ दाखवायचा. हे दोन आकडे तापमान नाहीतच, तो सेन्सरचा आजार आहे. तेव्हापासून दोन्ही आकडे आले की तापमानाच्या रकान्यात न घालता "सेन्सर बिघाड" अशी वेगळी नोंद करतो.

याहून वाईट म्हणजे आकडा गोठणं. एकदा अकरा तास ६.१ अंश, न हलता. ग्राफ सरळ रेघेसारखा सुंदर. त्यात कॉम्प्रेसर बंद पडलेला कळलाच नाही. आता सलग तासभर आकडा दशांशानंही हलला नाही तर फोन वाजतो. मेसेज नाही, फोन. झोपेत मेसेज कळत नाही.

उजनी_काठ | सोमवार, दुपारी ३:३०

बेदाणा_कोल्ड यांचं वाचून आठवलं. आमच्या विहिरीत पाण्याची पातळी मोजायला ४ ते २० मिलिअँपिअरचा सेन्सर आहे. मला आधी प्रश्न पडायचा, शून्यापासून का नाही सुरू करत? कारण हेच. ४ म्हणजे विहीर कोरडी, ० म्हणजे वायर तुटली. शून्यापासून सुरू केलं असतं तर उंदरानं वायर कुरतडली की विहीर आटली असंच वाटलं असतं. ज्यानं हे ठरवलं त्याला माझा नमस्कार.

कन्ना_चौक | सोमवार, दुपारी ३:४१

आमच्याकडं टॉवेलच्या सुताच्या गोदामात आर्द्रता मोजतो. सूत फार कोरडं झालं की मागावर तुटतं. आमचं यंत्र वेबवर नाही, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तारेनं जोडलंय. सहा वर्षं झाली, एकदाही रुसलं नाही. प्रत्येकाला वेब लागतंच असं नाही बे.

शेंगाचटणी | सोमवार, दुपारी ३:५०

बरोबर आहे, गोदामात माणूस जवळ असतो. ताईंची बाग घरापासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर आहे, तार एवढी लांब नाही ओढता येणार.

सांगोल्याची_लेक | बुधवार, रात्री ८:१५

काल सुट्टी घेऊन गावी गेले. शिफ्टदादा, कार्ड आहे! आणि कार्डात सगळं आहे. शुक्रवारच्या पहाटेच्या दहा-दहा मिनिटांच्या सगळ्या नोंदी. एकही रकाना रिकामा नाही. शेंगाचटणी यांनी सांगितल्याप्रमाणे साडेआठ ते साडेआठ बेरीज केली तर ३३.६ मिलिमीटर आली. अण्णांच्या वहीत ३४. मी ते अण्णांना वाचून दाखवलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, आत जाऊन जूनपासूनची वही घेऊन आले आणि म्हणाले, बाकीचे पण दिवस ताडून बघ. रात्री साडेअकरापर्यंत आम्ही दोघं तेच करत बसलो होतो. सगळे दिवस एक-दीड मिलिमीटरच्या आत जुळले, दोन सोडून.

म्हणजे मोजणी चालू आहे, पाठवणं अडतंय. आता पुढे?

चिंचोली_शिफ्ट | बुधवार, रात्री ९:००

उत्तम. अर्धी लढाई संपली.

आता लॉगरच्या नोंदीत दोन रकाने वाढवा: बॅटरीचा व्होल्टेज आणि सिग्नलची ताकद. हे दोन आकडे ज्या यंत्राच्या नोंदीत नाहीत ते यंत्र आजारी पडलं की आपण अंधारात चाचपडतो. मॉडेम सिग्नल ० ते ३१ अशा अंकात सांगतं, ९९ आला तर त्याला काही कळलं नाही असा अर्थ. अंकाची दुप्पट करून त्यातून ११३ वजा केले की डीबीएम, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचं माप, मिळतं. १० आला तर उणे ९३, काम चालतं. ५-६ च्या खाली गेला तर अँटेना उंच बांधावर न्या.

आणि पाऊस न जुळलेले ते दोन दिवस कोणते? त्या दिवशी यंत्रात कमी होता की जास्त?

सांगोल्याची_लेक | बुधवार, रात्री ९:२०

दोन्ही दिवशी यंत्रात खूप कमी. ऑगस्टमधले लागोपाठचे दिवस. नंतर आपोआप नीट झालं.

उजनी_काठ | बुधवार, रात्री ९:४५

नरसाळ्यात काहीतरी अडकलं असणार. पक्ष्यांची विष्ठा, पानं, नाहीतर मुंग्या. पाणी तुंबतं आणि हळूहळू झिरपतं. पुढच्या मोठ्या पावसात धुऊन गेलं असेल. दर पंधरा दिवसांनी नरसाळं काढून धुवायचं.

मापाची खात्री घरच्या घरी होते. आतल्या छोट्या तराजूसारख्या वाट्या एका हिंदोळ्याला बहुधा ०.२ मिलिमीटर मोजतात. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास २० सेंटीमीटर असेल तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटीमीटर. म्हणजे ३१४ मिलिलिटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस, ५० हिंदोळे. तेवढं पाणी बाटलीला बारीक भोक पाडून अर्ध्या तासात थेंबाथेंबानं सोडा आणि मोजा. घाईनं ओतलं तर वाटी उलटताना पाणी सांडतं आणि आकडा कमी येतो. व्यास वेगळा असेल तर क्षेत्रफळ पुन्हा काढा. आमच्या इथे एका शेतकऱ्याच्या लॉगरमध्ये हिंदोळ्याला ०.५ भरलं होतं, दोन महिने अडीचपट पाऊस दिसत होता आणि गावात सगळे त्यांना विचारायचे की तुमच्यावरच ढग कसा फुटतो.

बॉयलर_हाऊस | गुरुवार, सकाळी ११:१०

मी साखर कारखान्यात आहे. आमच्याकडे धुराड्याची आणि सांडपाण्याची मोजणी थेट मंडळाच्या सर्व्हरवर जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१४ मध्ये साखर आणि डिस्टिलरीसह १७ प्रकारच्या उद्योगांना हे बसवायला सांगितलं, तेव्हापासून या कामात आहे. तिथे एक शिस्त लागली ती सांगतो: नेट गेलं तरी नोंद थांबता कामा नये, आणि नेट आल्यावर राहिलेलं सगळं मूळ वेळेसकट गेलं पाहिजे. ताईंच्या लॉगरमध्ये राहिलेल्या नोंदी पुन्हा पाठवायचा पर्याय बंद असावा. मेनूत 'रिट्राय', 'बॅकलॉग' किंवा 'रिसेंड' अशा नावानं सापडेल. तो बंद असेल तर एकदा हुकलेली नोंद कार्डात पडून राहते, वर कधीच जात नाही.

शेंगाचटणी | गुरुवार, दुपारी १२:३०

बॉयलर_हाऊस यांच्या मुद्द्याला जोडून: "मूळ वेळेसकट" हे शब्द अधोरेखित करा. सर्व्हरवर नोंद पोचल्याची वेळ आणि बागेत मोजल्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थिंगस्पीकसारख्या, सेन्सरचे आकडे साठवून ग्राफ दाखवणाऱ्या वेब सेवेवर तुम्ही वेळ पाठवली नाहीत तर ती पोचल्याचीच वेळ लावते. मग सहा तासांच्या छत्तीस नोंदी सकाळी साडेआठच्या सुमारास एका गठ्ठ्यात दिसतात आणि ग्राफ भिंतीसारखा उभा राहतो. नोंदीबरोबर 'क्रिएटेड अ‍ॅट' ही वेळ पाठवली की प्रत्येक आकडा आपल्या जागी बसतो. ती सेवा फुकटात पंधरा सेकंदाला एक नोंद आणि एका चॅनेलला आठ रकाने देते, तुम्हाला भरपूर झालं.

माझी पसंती मात्र एमक्यूटीटी. हलकं आहे, वेगवान आहे.

चिंचोली_शिफ्ट | गुरुवार, दुपारी १:१५

इथे मी असहमत. एमक्यूटीटीचा फायदा जोडणी सतत चालू ठेवण्यात. सौर पॅनेलवरच्या यंत्राला मॉडेम सतत जागं ठेवणं परवडत नाही. ताईंनी दर दहा मिनिटांनी मोजावं, पण तासातून एकदाच मॉडेम उठवून सहा नोंदींचा गठ्ठा एचटीटीपीनं पाठवावा आणि मॉडेम पुन्हा झोपवावं. तेल्याचा निर्णय दहा मिनिटांत घ्यायचा नसतो. एफटीपी टाळा, त्यात पासवर्ड उघडा जातो, आणि सिमच्या जाळ्यात पॅसिव्ह मोड (सगळ्या जोडण्या लॉगरनंच करायच्या) लावला नाही तर जोडणी होऊन फाइल मात्र अडकते.

शेंगाचटणी | गुरुवार, दुपारी १:४०

झोपणाऱ्या यंत्रासाठी तुमचं बरोबर. माघार.

होटगी_रोड | गुरुवार, दुपारी २:००

सिम कोणतं घ्यावं? माझ्या भावालाही असंच यंत्र बसवायचंय, ऑनलाइन स्वस्तात सिम८००एल मॉडेम मिळतंय.

चिंचोली_शिफ्ट | गुरुवार, दुपारी २:३०

ते मॉडेम फक्त टूजीवर चालतं. जिओचं टूजी नाहीच, त्यामुळे ते सिम त्यात कधीच चालणार नाही. दुसऱ्या कंपनीचं चालेल, पण आज नवीन घेताय तर फोरजी मॉडेमच घ्या. आणि ते सिम८००एल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं. बारीक वायर किंवा मोबाईलचा जुना चार्जर लावला की व्होल्टेज बसतो आणि मॉडेम स्वतःच रीसेट होतं. लोक नेटवर्कला दोष देत बसतात. एपीएन, म्हणजे सिम कंपनीच्या इंटरनेटच्या दाराचं नाव, बरोबर भरा, कंपनीगणिक वेगळा असतो, जिओला 'जिओनेट', एअरटेलला 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम'. यंत्रांसाठी तेरा आकडी नंबरची वेगळी सिम मिळतात, जमलं तर ती घ्या. आणि साधं सिम असेल तर रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहा!

मंगळवेढा_ज्वारी | गुरुवार, दुपारी २:३५

रिचार्ज संपला म्हणून आमच्या गावातलं एक यंत्र दोन महिने मुकं होतं. सगळे सेन्सर बदलून झाले होते.

सांगोल्याची_लेक | शनिवार, रात्री १०:१०

मंडळी, दोन रात्रींचे आकडे आले. अण्णांनी फोनवर कार्डातल्या ओळी वाचून दाखवल्या, मी लिहून घेतल्या.

सिग्नल ८ ते ११. म्हणजे ठीकठाक. बॅटरी संध्याकाळी सहाला १२.६, रात्री बाराला ११.९, पहाटे अडीचला ११.४ आणि तिथून मॉडेम गप्प. लॉगर मात्र चालूच, कारण त्याला फार कमी लागतं. सकाळी ऊन चढलं की मॉडेम परत जागं.

ज्वारीदादा, पहिल्या बारा मिनिटांत तुम्ही बरोबर सांगितलं होतं.

पण बॅटरी चारच महिन्यांची आहे. इतक्यात कशी उतरली?

मंगळवेढा_ज्वारी | शनिवार, रात्री १०:१४

पॅनेलवर सावली पडते का? जूनमध्ये नसेल, आता असेल.

सांगोल्याची_लेक | शनिवार, रात्री १०:३८

आत्ता अण्णांना विचारलं. बांधावरचा शेवगा! जूनमध्ये छाटला होता, पावसात फुटून पॅनेलच्याही वर गेलाय. दुपारी दोननंतर सावली पडते. वर धूळ आणि फवारणीचे डाग आहेत ते वेगळेच.

कन्ना_चौक | शनिवार, रात्री १०:४०

चला, शेवग्याच्या शेंगांची आमटी ठरली.

चिंचोली_शिफ्ट | शनिवार, रात्री ११:०५

फांदी छाटा, पॅनेल ओल्या फडक्यानं पुसा, तोंड दक्षिणेकडे आहे ना ते बघा. मॉडेम तासाला एकदाच उठेल असं करा. तरीही पहाटे १२ च्या खाली जात असेल तर बॅटरी बदला, लेड अ‍ॅसिड बॅटरी वरचेवर इतकी खाली गेली की तिची क्षमता परत येत नाही.

आता तिसरी अडचण. मातीचे दोन्ही सेन्सर एकाच सामायिक आरएस-४८५ तारेवर, मॉडबस नावाच्या बोलीनं जोडलेले आहेत का? असतील तर प्रत्येकाला वेगळा पत्ता लागतो, आणि कारखान्यातून बहुतेक सगळे १ याच पत्त्यावर येतात. तुमच्या मेनूत दोन्ही चॅनेलला पत्ता १ भरलेला असणार. म्हणजे लॉगर दोन्ही वेळा ३० सेंटीमीटरच्याच सेन्सरला विचारतो आणि उत्तर दोन रकान्यांत लिहितो. ६० च्या सेन्सरला कुणी विचारलंच नाही.

सांगोल्याची_लेक | रविवार, सकाळी ११:३०

दोन्हीकडे १ च आहे!! चार महिने! दुसऱ्याचा पत्ता काय असेल?

चिंचोली_शिफ्ट | रविवार, सकाळी ११:४१

बसवणाऱ्यानं बदलला असेल तर बहुधा २. मेनूत भरून बघा. उत्तर आलं नाही तर तो सेन्सर एकटा जोडून शोधावा लागेल. दोघंही १ वर असते तर एकाच वेळी बोलून आकडे बिघडले असते, ते झालेलं नाही, म्हणून मला २ वाटतंय. आणि त्या तारा पंपाच्या केबलच्या बाजूनं गेल्या असतील तर वेगळ्या करा. मोटर सुरू होताना आकडा उडी मारतो.

शेंगाचटणी | रविवार, दुपारी १२:१५

पोर्टलचं राहिलं होतं. दुसऱ्या वर्षाचे पैसे द्यायचे नसतील तर साधी गुगल शीट पुरते. एका शीटमध्ये एक कोटी खाने मावतात. तुम्ही रोज १४४ नोंदी, दहा रकाने धरले तर एकोणीस वर्षं लागतील भरायला. मी तयार स्क्रिप्ट पाठवतो.

दोन खड्डे आधीच दाखवतो. एक, गुगलची स्क्रिप्ट नोंद घेते पण उत्तर म्हणून थेट 'मिळालं' न म्हणता दुसऱ्या पत्त्याकडे वळवते. बरेच लॉगर त्या वळणावर जात नाहीत, त्यांना वाटतं नोंद पोचलीच नाही, आणि तीच पुन्हा पुन्हा पाठवत राहतात. शीटमध्ये एकच ओळ चार-चार वेळा. म्हणून यंत्राचा क्रमांक आणि मोजल्याची वेळ जुळली तर ती ओळ टाकून द्यायची, हे स्क्रिप्टमध्येच घातलंय.

दोन, सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं. सर्व्हर खरा आहे हे यंत्र त्यांवरून ओळखतं. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्ट या प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेच्या जुन्या साखळीतलं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि जगभर कितीतरी जुनी यंत्रं एका दिवसात मुकी झाली. मोजत होती, पण सर्व्हरवर विश्वास ठेवायला तयार नव्हती. तुमच्या लॉगरचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, कंपनी अपडेट करते का, हे आजच विचारून घ्या. आणि कार्ड कधीही काढून फेकू नका. दर महिन्याला त्याची एक प्रत घरच्या कॉम्प्युटरवर. वेबवर जे दिसतं ती प्रत, कार्डातलं ते मूळ.

सांगोल्याची_लेक | पुढचा गुरुवार, रात्री ९:३०

उशीर झाला त्याबद्दल माफ करा, तिमाहीअखेर होती.

शेवगा छाटला, पॅनेल पुसलं, मॉडेम तासाला एकदा. बॅटरी आता पहाटे पाचला १२.२ असते. राहिलेल्या नोंदी पुन्हा पाठवायचा पर्याय खरंच बंद होता, चालू केला. पहिल्या दिवशी जूनपासूनच्या सगळ्या राहिलेल्या नोंदी शीटमध्ये आपापल्या जागी बसल्या, मी कामावर बसून त्या भरताना बघत होते आणि डोळ्यांत पाणी आलं. शेंगाचटणी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

पान ओलं राहण्याचे तास आता रोज सकाळी सातला अण्णांच्या मोबाईलवर जातात. मंगळवारी रात्री नऊ तास ओलं होतं, त्यांनी सकाळी बाग फिरून फवारणी घेतली.

आता सगळ्यात मोठी बातमी. दुसऱ्या सेन्सरचा पत्ता २ निघाला. आकडा आला आणि आम्ही दोघंही चक्रावलो. वर ३० सेंटीमीटरला माती कोरडी होत होती म्हणून आम्ही ड्रिप रोज दोन तास चालवत होतो, आणि खाली ६० ला ती आठवडाभर चिंब. काका, तुमचं ऐकून अण्णांनी दोन फूट खड्डा घेतला. वरच्या मातीचा गोळा फुटला, खालच्याचा इतका घट्ट झाला की बोटांचे ठसे राहिले.

माणदेशी_काका | पुढचा गुरुवार, रात्री ९:५५

दीड फुटावर थांबायला मीच सांगितलं होतं. दोन फूट घ्यायला हवं होतं हे आज मला कळलं. डाळिंबाची मुळं इतक्या ओलीत गुदमरतात, मर रोगाला तेच आवतण. पाणी कमी करा, पण एकदम नको. फळं फुगायच्या अवस्थेत आहेत, एकदम ओढ दिली आणि मग भरपूर पाणी दिलं तर फळ तडकेल. चार दिवसांत थोडं थोडं उतरवा. अण्णांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांच्या बागेची माती काळी की मुरमाड ते विचारून कळव.

सांगोल्याची_लेक | पुढचा गुरुवार, रात्री १०:०८

वर फूटभर मुरमाड, खाली काळी. अण्णा म्हणतात बाग लावताना बाहेरून मुरूम टाकला होता. आजपासून ड्रिप पावणेदोन तास केलं, रविवारपर्यंत सव्वावर आणू. ६० सेंटीमीटरचा आकडा इथे रोज टाकत जाते.